अर्धा कोयता

परवा दुकानात एक बाई आली. साखर घेतली, चहापत्ती घेतली, आणि मग काउंटरच्या कडेला उभीच राहिली. मला कळलं की हिला अजून काहीतरी पाहिजे, पण ते डब्यात भरलेलं नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, लेकीचा नंबर लागलाय पुण्याला. बँकेचं कर्ज काढावं का हो? तुमच्या शेजारच्या मुकादमांनी काढलं होतं ना, तुमी सोबत होता म्हणे."

मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून मुकादमाचंच वाक्य बाहेर पडायला लागलं. ते मी तसंच गिळलं. म्हटलं, "बस, चहा टाकते." चहा झाला, बाई गेली. काढ म्हणायचं की नको म्हणायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता हे लिहायला बसलेय तरी कळलेलं नाही. म्हणून म्हटलं, निदान मुकादम कसा होता ते तरी लिहावं. त्याला जाऊन आता वर्ष होऊन गेलं.

त्याचं नाव भिवराज. पण आमच्या आख्ख्या खर्डा गावात त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मुकादम म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. आमच्या या कोरड्या भागातली माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याकडं जातात. जायच्या आधी त्यांना घरखर्चाला आगाऊ पैसे मिळतात, त्याला उचल म्हणतात. उचल द्यायची ती मुकादमानं, आणि उचल घेतलेल्या माणसाकडून पुढं तोडणी करून घ्यायची तीही त्यानंच. तिथं एकट्या माणसाची मोजदाद होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. एकटाच कुणी असला तर तो अर्धा कोयता.

मुकादमानं ही मोजणी सगळ्या जगाला लावली होती. लग्नातून आला की म्हणायचा, "शंभर कोयते जेवले आसतील. भात कमी पडला." आमचे हे वारले, त्यानंतर काही दिवसांनी तो दुकानात आला, इकडं तिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "मास्तरीनबाई, आता तुमीबी अर्ध्या." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी मापटं फेकून मारलं असतं. पण तो ते हिशेब सांगावा तसं म्हणाला, आणि जाताना दुकानापुढचं शटर, जे ह्यांच्याशिवाय कुणाला धड ओढता यायचं नाही, ते त्यानं ओढून दिलं. पुढं कितीतरी दिवस शटर ओढायला तोच यायचा.

मला तो मास्तरीणबाई म्हणायचा तो टोमणा होता बरं का. मी शाळेत गेलेली नाही. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीवरनं मी वाचायला शिकले. त्यामुळं माझं वाचन सगळं अर्ध्यावर तुटलेलं. बातमीची सुरुवात माझ्याकडं आणि शेवट गिऱ्हाइकाच्या घरी शेंगदाण्याबरोबर. मुकादम म्हणायचा, "तुमचं शिक्षान पुडीएवढं हाय, पन गावात तेवढंबी कुनाला न्हाई."

दिसायला उंच, वाळलेला, खांद्यावर कायम एक लाल टॉवेल. खुर्चीवर बसायचा नाही. उंबऱ्यावर, पायरीवर, पोत्यावर, कुठंही बसेल, पण खुर्ची दिली की उभा राहायचा. काही संपलं की "पट्टा पडला" म्हणायचा. कारखान्याचं गाळप बंद होऊन हंगाम संपतो त्याला तोडणीवाले पट्टा पडला म्हणतात. ह्याचं सिनेमा संपला तरी पट्टा पडला, माझ्याकडचा गूळ संपला तरी पट्टा पडला, आणि कुणाच्या मयतीवरनं आला तरी तेच.

माणूस चांगला होता का वाईट, हे मला विचारू नका. मी शेजारी राहून ठरवू शकले नाही.

एका वर्षी एक जोडपं उचल घेऊन पळालं. सोलापूरकडं वीटभट्टीवर गेलं म्हणे. मुकादम टॉवेल खांद्यावर टाकून एकटाच गेला आणि दोघांना एसटीनं परत घेऊन आला. गल्ली सगळी दारात. ती बाई पोटुशी होती, दिवस भरत आलेले. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, मारणार. तर हा माझ्या ओसरीवर त्यांना बसवून मला म्हणतो, "पोहे करा. तिला भूक लागलीय." दोघं खाली मान घालून पोहे खात होते आणि हा समोर उभा राहून "आजून घ्या, आजून घ्या" करत होता. खाऊन झाल्यावर त्यांना ट्रकमध्ये बसवलं आणि फडावर धाडलं. फड म्हणजे ऊसतोडीचं रान. मी म्हटलं, "मुकादम, तिचे दिवस भरलेत हो." तर म्हणाला, "उचल काय माझ्या बापाची हाय? मी कारखान्याकडनं घेतलीया. माझ्याबी मानेवर कोयता हाय की."

हंगाम संपल्यावर ती बाई परत आली, काखेत बाळ. मला मुद्दाम दाखवायला आली. बाळाच्या पायात चांदीचे वाळे. हरखून म्हणाली, "मुकादमांनी घातले." मी गार पडले. मनात म्हटलं, बघ, आपण माणसाला काय समजत होतो. तर पुढच्या बाजाराला दुसरा एक तोडणीवाला हसून म्हणाला, "वाळे व्हय? ते तिच्याच उचलीत धरलेत." तिसरा म्हणाला, "छे, न्हाई धरले." मी सरळ मुकादमाला विचारलं. तो टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "पोरगं गोड दिसत हुतं का न्हाई?"

आणि एक सांगते, कारण ते पुढं लागणार आहे. त्याच्या टोळीतला एक माणूस फडावर पान लागून गेला. साप चावून. बायको रडत मुकादमापुढं आली. तिला नवऱ्याचं दुःख होतंच, पण त्या दुःखातसुद्धा तिचा पहिला प्रश्न होता, "उचलीचं काय?" मुकादमानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मेलेल्याचा अर्धा कोयता मुकादमाच्या अंगावर. जित्याचा अर्धा जित्यानं फेडायचा." म्हणजे अर्धी उचल त्यानं सोडली. तशी सोडणारा मुकादम आमच्या भागात दुसरा नव्हता, हे सगळे सांगतात. पण उरलेल्या अर्ध्यासाठी ती बाई पुढच्या हंगामात एकटी मोळ्या बांधत होती, हेही मी बघितलंय. आता तुम्हीच सांगा.

उचल द्यायची त्याची एक पद्धत होती. नवरा-बायकोला समोरासमोर उभं करायचं, एक कोयता आडवा धरायचा आणि दोघांनी मिळून त्याची मूठ पकडायची. मग तो म्हणायचा, "दोगांची मूठ एक." झाला करार. एखाद्या लग्नातसुद्धा इतक्या गंभीरपणे कुणी हात धरत नसेल.

शीतल, म्हणजे त्याची मुलगी, चार वर्षांची असताना तिची आई तापानं गेली. आई टोळीचा स्वयंपाक करायची, पोरगीही फडावरच वाढत होती. आई गेल्यावर मुकादमानं मुकादमकी सोडून दिली. का सोडली म्हणून विचारलं तर म्हणाला, "पोरगीला फडावर नेली तर ती कोयता व्हनार. न्हाई नेली तर तिला बघनार कोन?" मग खर्ड्याच्या बाजारात शेळ्या-बोकडांची दलाली करायला लागला. बाजाराच्या दिवशी शीतल माझ्या दुकानात, तांदळाच्या पोत्यावर बसून पाढे म्हणायची. बाप तिकडं टॉवेलाखाली बोटं धरून सौदे करायचा. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि दलालाचा हात एका फडक्याखाली, आणि बोटांनीच सगळं.

पोरगी हुशार निघाली. बारावीला चांगले मार्क पडले, पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. मेकॅनिकल. मी गल्लीत पेढे वाटले. मुकादमानं पेढा खाल्ला आणि विचारलं, "फी किती?" तिनं सांगितलं. तो बराच वेळ पेढ्याचा कागद चपटा करत बसला.

शीतल म्हणाली, "तात्या, बँक शिक्षणाला कर्ज देते. मी मोबाईलवर अर्ज पण भरलाय. फक्त पालकांची सही लागते. सहकर्जदार म्हणून."

"उचल," मुकादम म्हणाला.

"उचल नाही हो. शैक्षणिक कर्ज."

"नाव बदललं म्हनून बोकड शेळी व्हत न्हाई. आधी पैसे, मग काम, आन कामाच्या पैशातनं वळती. दुसरं काय आसतंय? उचल द्यायची आसती, पोरी, घ्यायची नसती. मी जलमभर दिलीय. घेनाऱ्याचं त्वांड कसं व्हतं, मला इचार."

फी भरायची मुदत जवळ येत होती. शीतल माझ्या दुकानात येऊन बसायची, मापटं उगाच तांदळात खुपसायची. तिची एक मैत्रीण होती नसीम, तीही हुशार, तिला फार्मसीला जायचं होतं. तिच्या वडिलांची सहीला ना नव्हती. पण खर्ड्याची बँक म्हणे जामखेडला जा, जामखेडची म्हणे तुमचं गाव आमच्यात येत नाही, आणि त्या येरझारांत तिची मुदत निघून गेली. बँक तयार तर बाप नाही, बाप तयार तर बँक नाही. मला तर काही समजेना की हे कर्ज आहे तरी कुणासाठी.

एका संध्याकाळी मुकादम माझं शटर ओढायला आला आणि शीतलनं त्याला दुकानातच गाठला. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "ठीक आहे तात्या. नको बँक. मग माझं लग्न करून टाका."

"आता मधीच लगीन कुठनं आलं?"

"तुमच्या हिशेबात एकट्या माणसाला काही मिळत नाही ना? मग मला कुणाबरोबर तरी कोयता व्हावंच लागणार. एक तर बँकेत तुमच्याबरोबर, नाहीतर मांडवात कुणाच्या तरी मुलाबरोबर. तुम्हीच सांगा कुणाबरोबर."

मुकादमाचा हात शटरवर तसाच राहिला. त्या दिवशी शटर मीच कसंबसं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर, धुतलेला लाल टॉवेल, आणि दारात उभा. "चला मास्तरीनबाई. तुमाला वाचता येतंय."

बँकेतला साहेब तरणा होता, शीतलपेक्षा फार मोठा नसेल. त्यानं खुर्ची दिली. मुकादम उभा. साहेबानं समजावून सांगितलं की शिकत असताना हप्ता नाही, शिक्षण संपल्यावरही थोडी सवलत आहे, मग नोकरी लागली की हप्ते. मुकादम मान डोलवत ऐकत होता. मला वाटलं, पटलं वाटतं. मग त्यानं विचारलं, "आन पळून गेली तर?"

साहेब बिचकला. "कोण?"

"पोरगी. शिकली आन पळाली. तुमी मानूस धाडता का? आमच्याकडं मी सोता जायाचो."

"छे हो, तसं नसतं. पण मग त्यांची पत खराब होते. पुढं घराला, गाडीला, कशालाच कर्ज मिळत नाही."

"म्हंजे पळाली तर पुन्यांदा तिला कुनी उचल देनार न्हाई?"

"बरोबर."

मुकादमानं माझ्याकडं बघितलं. "मास्तरीनबाई, ही शिक्षा हाय का बक्षीस?"

पलीकडची कॅशियर बाई हसायला लागली. साहेबही हसला. मुकादम नाही हसला. तो खरंच विचारत होता.

मग व्याजाचं निघालं. साहेबानं दर सांगितला. मुकादम पुढं झाला, खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावर साहेबाच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखालून त्याची बोटं धरली. साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो काका, काय करताय?" मुकादम शांतपणे दोन बोटं दाबत म्हणाला, "बोलू नगासा. बोटानं सांगा. एवढं कमी करा." शीतल तोंड लपवून बसली. साहेबानं हळूच हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "काका, हे वरून ठरतं. माझ्या बोटात काही नाही." मुकादमानं टॉवेल घडी करून खांद्यावर ठेवला. बाहेर आल्यावर तेवढंच म्हणाला, "ज्याच्या बोटात काय न्हाई तो मुकादम कसला?"

पण त्याआधी सही झाली, ती राहिली सांगायची. साहेबानं कागदावर बोट ठेवून सांगितलं, इथं विद्यार्थिनीची, इथं सहकर्जदाराची. मुकादमानं विचारलं, "सहकर्जदार म्हंजे?" साहेब म्हणाला, "म्हणजे कर्ज दोघांचं मिळून. दोघंही जबाबदार."

मुकादमाचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतका वेळ परक्या मुलखात फिरणाऱ्या माणसाला आपल्या गावची पाटी दिसावी तसा. "आसं व्हय! म्हंजे कोयता झाला की. अर्धी ती, अर्धा मी. मग आधीच सांगायचं." त्यानं पेन उचललं, शीतलचा हात ओढला, पेनाला दोघांचे हात लावले आणि म्हणाला, "दोगांची मूठ एक." आणि त्या दोन हातांनी अशी काही सही झाली की साहेबाला नवीन कागद काढावा लागला.

दुसऱ्या कागदावर त्यानं एकट्यानं सही केली. पण त्याच्या लेखी खरी सही पहिलीच होती. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. मीही हसले आणि घरी आले.

शीतल पुण्याला गेली. तिचा फोन आला की हा विचारायचा, "गाळप कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय तात्या, परीक्षा आहेत." हा फोन ठेवून मला सांगायचा, "उसाला उतारा चांगला हाय." उतारा म्हणजे उसातून पडणारी साखर.

शेवटच्या वर्षाला ती दिवाळीत आली ती एक फूटपट्टी आणि दोरा घेऊन. गल्लीतल्या तोडणीला जाणाऱ्या बायकांचे हात मोजायला लागली. तळवा किती, मूठ किती, मनगट कुठं दुखतं. बायका खिदळायच्या, "बांगड्या भरतीस का काय?" तिनं कॉलेजात कोयत्याला एक नवी मूठ बनवली होती. जरा वाकडी, जरा लांब, म्हणजे कमरेत कमी वाकावं लागतं आणि मनगटाला झटका बसत नाही, असं ती म्हणाली. मला त्यातलं कळत नाही. तुळशीच्या लग्नाला आणलेला ऊस तिनं बापापुढं ठेवला. "तात्या, तोडून बघा."

मुकादमानं तोडला. परत तोडला. सगळा ऊस कांड्या कांड्या करून टाकला, तुळशीला टिपरू ठेवलं नाही. मग ती मूठ हातात फिरवत कितीतरी वेळ बसला. आणि म्हणाला, "हे आधी कुठं हुतं?" बोलला ते मुलीला नाही. मला नाही. कुणाला बोलला, काय माहीत. त्याच्या टोळीतली किती माणसं त्याच्या डोळ्यांपुढनं गेली असतील.

शिक्षण झालं. कॉलेजातल्या एका सरांनी शीतलला सांगितलं की इथंच राहा, ही मूठ पुढं नेऊ, कारखान्यांना दाखवू. पण पगार अगदीच थोडा. हप्ता भरला तर पोटाला राहत नाही. दुसरीकडं पुण्याबाहेर गाड्यांच्या सीटा बनवायची कंपनी, तिथं पगार बरा. काम म्हणजे सीटची शिवण नीट आहे का ते उभ्यानं बघायचं. शीतलनं फोनवर बापाला दोन्ही सांगितलं. मी तिथंच होते. मला वाटलं, ती मूठ हातात घेऊन बसलेला माणूस आहे, हा सांगणार सरांकडं राहा.

तो म्हणाला, "उचलीतला मानूस फड निवडत न्हाई. जिथं धाडतील तिथं जायाचं."

शीतल कंपनीत लागली. हप्ते जायला लागले. फोन यायचे, पण बोलणं कमी झालं. गाळप कसं चाललंय म्हटलं की "चालू आहे" एवढंच. इकडं नसीम गावातल्याच एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. दुकानात आली की म्हणायची, "मावशी, शीतलचं नशीब बघा, मला कुणी असं कर्ज दिलं असतं तर!" मी शीतलला फोनवर ते सांगितलं. तिनं विचारलं, "ती घरी किती वाजता येते?" मी म्हटलं, दुपारी. "आणि दुपारी झोपते?" मी म्हटलं, झोपत असेल. तर म्हणाली, "सांगू नका तिला काही."

मग परत तुळशीचं लग्न आलं. शीतलला सुट्टी मिळाली नाही. मुकादम बाजारातनं ऊस घेऊन आला, घरात जाऊन ती मूठवाली कोयती आणली आणि उसावर मारायच्या आधीच थांबला. दुसऱ्या बाजाराला त्यानं स्वतःच्या सगळ्या शेळ्या विकल्या. मी विचारलं, "हे काय मुकादम?"

"पुन्याला निगालो. माझा अर्धा ऱ्हायलाय."

"कसला अर्धा?"

"मूठ दोगांची आन तोडतीय एकटीच. मी हितं शेळ्या राखत बसलोय. हप्ता मी भरीन. मग तिनं मास्तराकडं जावं न्हाईतर कुठंबी, तिचा फड तिनं निवडावा."

मी परोपरीनं सांगितलं. म्हटलं, अहो, बँकेचं तसं नसतं. सहीचा अर्थ एवढाच, की तिला नाहीच जमलं तर तुम्ही. ती भरतेय ना?

"भरतीय म्हनून मी बसून ऱ्हायचं? आसा कोयता मी फडावर ठिवला नसता, मास्तरीनबाई. बुकलला आसता." आणि मग एकदम खाली आवाज करून, "पोटुशी बाईला आनली हुती मी. ध्यानात हाय न्हवं तुमच्या? आन आता सोता पळू?"

शीतलचा मला फोन. रडत होती का चिडली होती, सांगता यायचं नाही. "मावशी, त्यांना समजवा ना. मला नकोय हे. या वयात कुठं काम करणार ते? लोक मला काय म्हणतील?" मी म्हटलं, "बाळा, तूच त्यांना म्हणाली होतीस, बँकेत तुमच्याबरोबर कोयता." तिनं फोन ठेवला.

तो गेला. एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर राखणदार म्हणून लागला. हप्ता तो भरायला लागला आणि शीतलनं कंपनी सोडून सरांचं काम धरलं. बापाशी भांडून धरलं की बापासाठी धरलं, ते त्या दोघांना माहीत. दोन पावसाळे त्यांचं असं चाललं. चांगलं चाललं म्हणायला हरकत नाही. एका कारखान्याची माणसं मूठ बघूनही गेली.

मग मुकादम गेला. ड्युटीवरनं आला, बसला आणि गेला. शीतल दिवस करायला खर्ड्याला आली. सगळं आवरल्यावर माझ्या दुकानात, त्या जुन्या पोत्याच्या जागी येऊन बसली. मी न राहवून विचारलं, "आता बँकेचं काय गं? त्यांचा अर्धा?"

ती म्हणाली, "मावशी, बँकेत अर्धा नसतो. मी विचारलं होतं."

ती परत कंपनीत लागली. सरांकडं रविवारी जाते म्हणते. जात असेल. तिनं दिलेली एक मूठवाली कोयती माझ्याकडं आहे, मी नारळ फोडते. खरंच मनगट दुखत नाही.

आता मला सांगा, त्या साखर-चहापत्तीवाल्या बाईला मी काय सांगू? कर्ज नसतं तर ही मूठ झालीच नसती. कर्ज आहे म्हणून ती पुढं जात नाही. माझी पुडी इथंच फाटते.

मुकादमाला मी शेवटचं बघितलं ते पुण्यात. भाचीकडं गेले होते, तिथनं मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या फाटकावर गेले. निळा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि त्या शर्टावर खांद्याला तोच लाल टॉवेल. केबिनमध्ये खुर्ची होती, हा बाहेर दगडावर बसलेला. मला बघून उठला. चहा मागवला. सकाळची वेळ होती, गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या, आणि हा बोलता बोलता आडवा दांडा वर करायचा, सलाम करायचा, दांडा खाली, आणि परत बोलणं.

"लई कोयते हायती हितं, मास्तरीनबाई. नवरा-बायको, दोगंबी कामाला. समद्यांनी उचल घेतलीया. घराची उचल, गाडीची उचल, पोरांच्या शाळेची उचल. दिस उगवला की निगाले फडावर. आन रातच्याला आले की एकामेकाशी बोलत न्हाईत, आमच्यासारकंच." मग मान पुढं काढून, गुपित सांगावं तसं म्हणाला, "मी रोज बघतो. पन ह्यांचा मुकादम कोन, ते काय घावना. कुनीतरी आसंलच की. मी आजून हुडकतोय."

मी म्हटलं, "जिवाला जपा. वय झालं आता."

"माझं काय!" तो हसला. इतका निवांत हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. "मी गेलो तरी घोर न्हाई. मेलेल्याचा अर्धा मुकादमाच्या अंगावर. पोरगीची निम्मी तवाच फिटली."

मी काहीतरी म्हणणार, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मुकादम वळला, दांडा वर केला, टाच जुळवून सलाम ठोकला, आणि काच बंद केलेल्या त्या गाडीच्या आत वाकून वाकून बघायला लागला.